चुकलं तेही छापा

केतकीचा फोन आला तेव्हा मी रावेतला लेकाच्या घरी मेथी निवडत बसले होते. “मावशी, आई गेली,” एवढंच ती म्हणाली. उषाताई दुपारी जेवून जरा आडव्या झाल्या होत्या, चहाच्या वेळेला उठल्याच नाहीत. आजारपण नाही, दवाखाना नाही... आदल्याच दिवशी आम्ही फोनवर बोललो होतो, आणि पाण्याच्या टाकीवरून त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरीला कसं झापलं ते मला रंगवून सांगितलं होतं.

मी पिंपळे गुरवला त्यांच्या घरी पोचले तेव्हा जिन्यात चपलांचा ढीग पडला होता. वरच्या मजल्यावरच्या दोघीजणी कठड्याला टेकून हळू आवाजात बोलत होत्या. “या त्याच ना गं, सूर्यवाल्या आजी?” ती वेळ भांडायची नव्हती, मी तशीच आत गेले. दोन-तीन दिवसांनी एका स्थानिक बातम्यांच्या पानावर मात्र ‘किचनमधला सूर्य अखेर मावळला’ असा मथळा झळकला. सोबत त्यांचा जुना फोटो, आणि खाली अनोळखी लोकांनी टाकलेले हसरे चेहरे. केतकीने मोबाइल माझ्यापुढे धरला. “मावशी, तू लिही. पहिल्यापासून सगळं पाहिलेली तूच आहेस.” मी जन्मभर प्रयोगशाळेतले अहवाल लिहिले, वर्तमानपत्रासाठी कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. तरी बसले लिहायला. हा मथळा त्यांच्याबद्दलचा शेवटचा शब्द म्हणून मी राहू देणार नाही.

उषाताई सोळंके मूळच्या माजलगावच्या. रसायनशास्त्रात एमएस्सी करून, नवऱ्याला पिंपरीत नोकरी लागली म्हणून इकडे आल्या आणि भोसरीतल्या एका बोल्ट बनवणाऱ्या कंपनीच्या लॅबमध्ये चिकटल्या. पुढे कंपनी चाकणला गेली, तेव्हा नाशिक फाट्यावरून कंपनीची बस पकडून त्याही चाकणला जाऊ लागल्या. केतकी शाळेत असतानाच नवरा गेला. त्यानंतर घर, मुलगी, शिफ्ट सगळं एकटीने ओढलं, पण त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. चाळीस वर्षं या भागात राहूनही त्यांच्या बोलण्यातला मराठवाडा काही गेला नाही. ‘का’ ऐवजी ‘कामून’ म्हणायच्या, आणि कुठलीही अडचण आली की “बघूत की” म्हणून बाह्या सरसावायच्या.

मी नवी बीएस्सी होऊन त्यांच्या हाताखाली लागले, त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्यासमोर एक तुटका बोल्ट ठेवला. “हा मंगळवारी चांगला होता. सगळ्या चाचण्या पास. नट लावून आवळून ठेवला, पुन्हा कुणी हात लावला नाही, तरी त्याचं डोकं उडालं. सांग, कामून?” मग त्यांनी समजावलं. बोल्टला गंज लागू नये म्हणून त्यावर जस्ताचा मुलामा चढवतात. त्याआधी तो ऍसिडमध्ये धुतात. या सगळ्या उद्योगात हायड्रोजन तयार होतो आणि तो थेट पोलादाच्या पोटात शिरतो. बाहेरून काही दिसत नाही, आणि ताण आला की एके दिवशी पोलाद काचेसारखं तुटतं. उपाय एकच... मुलामा झाल्याबरोबर माल भट्टीत तासन्‌तास तापवायचा, म्हणजे हायड्रोजन निघून जातो. “पोलाद आपल्याला घट्ट वाटतं गं,” त्या म्हणाल्या, “हायड्रोजनला ते मोकळं मैदान आहे.”

या एका गोष्टीसाठी त्या कुणाशीही वाकडं घ्यायच्या. एकदा भट्टी बिघडली होती आणि वाहनं बनवणाऱ्या एका मोठ्या गिऱ्हाइकाची गाडी माल न्यायला गेटवर उभी होती. प्लांटचे साहेब स्वतः लॅबमध्ये आले. “मॅडम, या एका लॉटला सही करून टाका. त्यांची लाइन थांबेल.”

“थांबू द्या साहेब. थांबलेली लाइन पुन्हा चालू होते. रस्त्यात चाक निखळलेला माणूस होत नाही.”

“आजवर आपल्या बोल्टमुळे कुणाचं चाक निखळलंय?”

“नाही निखळलं. कामून नाही निखळलं ते विचारा की.” त्यांनी सही केली नाही. साहेब पाय आपटत गेले, भट्टी दुरुस्त झाली, माल तापला आणि मगच गाडी हलली. पुढची बढती त्यांना उशिरा मिळाली ती यामुळेच असं सगळे म्हणायचे. त्यांनी कधी विषय काढला नाही.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण आहे. पुढे ज्या गोष्टीवरून लोक त्यांना हसले, ती एखाद्या रिकामटेकड्या म्हातारीच्या डोक्यात उगवलेली नव्हती. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा परदेशातल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी जाहीर केलं होतं, की पॅलेडियम नावाच्या धातूची तार ‘जड पाण्यात’, म्हणजे वजनदार हायड्रोजन असलेल्या पाण्यात, बुडवून वीज सोडली, तर दिलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता बाहेर पडते. सूर्याच्या पोटात अणू जसे एकमेकांत मिसळतात तसंच काहीतरी साध्या काचेच्या भांड्यात, घरातल्या तापमानाला घडतंय, असा त्यांचा दावा. यालाच कोल्ड फ्यूजन म्हणतात. जगभर खळबळ उडाली, वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. मग इतरांनी करून पाहिलं तर बहुतेकांना काहीच मिळेना, आणि त्याच वर्तमानपत्रांनी तो विषय असा आपटला की पुढे त्याचं नाव काढणाराही हास्यास्पद ठरू लागला. उषाताईंनी ती बातमी वाचली तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच होतं. धातूच्या पोटात हायड्रोजन काय काय करतो ते मी रोज बघते. याही बाबतीत मला एकदा स्वतः बघायचंय.

पण मुलीचं शिक्षण होतं, नोकरी होती. ते ‘एकदा’ यायला त्यांना निवृत्त व्हावं लागलं. निरोपसमारंभात मिळालेली शाल घडी घालून पिशवीत टाकता टाकता त्या मला म्हणाल्या, “मंगल, सोमवारपासून ये. चहा मी करीन.” मीही त्याच सुमारास नोकरी सोडली होती, आणि खरं सांगायचं तर घरात करमत नव्हतं. रहाटणीत सलीमभाईंचं प्लेटिंगचं, म्हणजे धातूवर मुलामा चढवायचं, वर्कशॉप होतं. आमच्या कंपनीची बारीकसारीक कामं ते वर्षानुवर्षं करायचे. त्यांच्या गाळ्यामागे एक पत्र्याची खोली रिकामी होती. उषाताईंनी विचारलं तर ते म्हणाले, “ताई, इचारता काय? तुमचीच जागा हाय. फक्त स्फोट नका करू, मागं माझी अम्मी ऱ्हाती.” एका कॉलेजातल्या ओळखीच्या प्राध्यापकांमार्फत, रीतसर कागदपत्रं करून जड पाणी आलं, पॅलेडियमची बोटभर तार आली, आणि आमचं काम सुरू झालं.

काम म्हणजे काय, तर मोजणं. किती वीज आत गेली, किती उष्णता बाहेर आली. भांडं पाण्याच्या टाकीत ठेवायचं आणि भांड्यातल्या पाण्याचं तापमान टिपत राहायचं. आठवडेच्या आठवडे काहीच व्हायचं नाही. मग पावसाळा संपता संपता एके दिवशी आकडा थोडा वर सरकला. दुसऱ्या दिवशी आणखी थोडा. साधं पाणी घालून तोच प्रयोग केला की वाढलेला आकडा जायचा, जड पाणी घातलं की काही दिवसांनी परत यायचा. मला तर लगेच कुणाला तरी सांगावंसं वाटलं. उषाताईंनी मात्र सगळ्या नोंदी पहिल्यापासून पुन्हा तपासल्या. शेवटी म्हणाल्या, “कुणाला बोलू नको. आपलंच काहीतरी चुकत असणार. शोधूत.”

आम्ही बोललो नाही. बोलले ते कॉलेजातले प्राध्यापक, कुठल्याशा कार्यक्रमात, कौतुकाच्या भरात. त्यानंतरच्या आठवड्यात एका दैनिकाचा वार्ताहर दारात हजर झाला, बरोबर फोटोग्राफर. मुलगा तसा अदबशीर होता. उषाताई त्याला म्हणाल्या की चल, रहाटणीला गाळ्यावर जाऊ, तिथे सगळं मांडलेलं आहे. तर म्हणाला, “ताई, तिकडे अंधार असेल. इथे किचनमध्ये छान उजेड आहे.” फोटोग्राफरने ओट्यावरचा कुकर उचलून त्यांच्या हातात द्यायचा प्रयत्न केला. त्यांनी तो सरळ परत ठेवला. तेवढ्यात काढलेला फोटो छापून आला... एक बाई, मागे गॅस, बाजूला कुकर. ‘पिंपळे गुरवच्या आजींनी स्वयंपाकघरात बनवला सूर्य!’ तीस वर्षं धातूंच्या लॅबमध्ये काढलेल्या बाईची ओळख बातमीत ‘गृहिणी’ अशी दिली होती. त्यांनी पाच-सहा वेळा सांगितलेलं वाक्य, “मी काही बनवलेलं नाही, मी मोजतेय,” ते कुठेही नव्हतं.

मग टीव्हीची गाडी आली. निवेदिकेने माइक पुढे करून विचारलं, “आजी, आता लाइट बिल येणारच नाही का?” तळेगावहून एक गृहस्थ कंपनी काढायचा प्रस्ताव घेऊन आले, त्यांना उषाताईंनी चहा पाजून वाटेला लावलं. आणि काही दिवसांत वारं फिरलं. त्याच वाहिनीवर चर्चा झाली. एका राष्ट्रीय प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले डॉ. सबनीस त्यात म्हणाले, “हा शुद्ध खुळेपणा आहे. हा विषय केव्हाच निकालात निघालाय.” त्याच दैनिकात पुन्हा बातमी आली, ‘सूर्य की थोतांड?’ गंमत बघा, ‘सूर्य’ म्हणणाराही गाळ्यावर आला नव्हता आणि ‘थोतांड’ म्हणणाराही. टाळ्या वाजवायला कष्ट लागले नव्हते, तसे टिंगल करायलाही लागले नाहीत. उषाताईंच्या फोटोवर चष्मे, मुकुट, आगीच्या ज्वाळा लावून ती चित्रं मोबाइलवरून फिरू लागली.

केतकी तेव्हा हिंजवडीला नोकरी करत होती. एका संध्याकाळी ती तडक गाळ्यावर आली. मी तिथेच होते. “आई, बंद कर हे. ऑफिसात माझ्याच ग्रुपवर तुझा फोटो आला. त्यांना माहीत नाही तू माझी आई आहेस. मी... मीही हसण्याचा इमोजी टाकला, कळतंय का तुला?”

उषाताईंनी तांब्या तिच्यापुढे सरकवला. “पाणी पी आधी.”

“मला पाणी नकोय! लोक तुला वेडी म्हणतायत.”

“म्हणू देत. मलापण खात्री कुठाय? ते म्हणतात हे खोटं आहे, मी म्हणते असेलही. पण मी बघायलेय ना बाळा. बघितल्याबिगर कसं सोडू?”

“मग बघत बस,” असं म्हणून केतकी निघून गेली. त्यानंतर बरेच महिने मायलेकी कामापुरतंच बोलायच्या. हसणाऱ्या सगळ्या गावापेक्षा ते त्यांना जास्त लागलं. मला माहीत आहे, कारण त्या दिवसांत डबा उघडून त्या तसाच बंद करायच्या.

दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं, नाहीतर वर्तमानपत्रावर खटला घालायला निघालं असतं. उषाताईंनी काय केलं, तर डॉ. सबनिसांचा नंबर मिळवला आणि त्यांनाच फोन लावला. “सर, तुम्ही मला खुळी म्हणालात त्याचा राग नाही. तुम्ही न बघता म्हणालात त्याचा आहे. अविश्वास दाखवायचाच असेल तर येऊन दाखवा. दोन वेळचं जेवण माझ्याकडे.” मला वाटलं, ते फोन आपटतील. पण पुढच्याच शनिवारी ते पुण्याहून आपली जुनी गाडी घेऊन रहाटणीच्या गल्लीत शिरले. आल्या आल्या म्हणाले, “मी मत बदलायला आलेलो नाही.” उषाताई म्हणाल्या, “मग बरोबर माणूस आलाय. बसा.”

दिवसभर त्यांनी एकेक वायर, एकेक मापक तपासलं. प्रश्न टोकदार विचारायचे, लाजबीज नाही. उषाताईही तशाच. सलीमभाई दारातून डोकावून मला म्हणाले, “ही भांडायलेत का बोलायलेत, कळना.” संध्याकाळी सबनिसांनी चष्मा काढून पुसला. “मला चूक सापडली नाही. पण ती आहे, असं मला अजूनही वाटतं.”

“मलापण,” उषाताई म्हणाल्या.

त्यांनी मान वर करून पाहिलं. मला वाटतं, त्या एका शब्दाने त्या दोघांची मैत्री झाली. जाता जाता ते म्हणाले, “पाणी सगळीकडे सारखं तापतं, हे तुम्ही गृहीत धरलंय. बुडबुड्यांनीच ते ढवळलं जातं म्हणता. तिथे बघा.”

त्यानंतर जवळजवळ वर्ष गेलं. नवं भांडं करून घेतलं, बाहेरून फिरणारी ढवळणी बसवली, तापमान एका जागी मोजायचं त्याऐवजी चहूबाजूंनी मोजायची सोय केली. ते सगळं जमून आलं त्या दुपारी आम्ही दोघीच होतो. जुन्या पद्धतीने प्रयोग चालवला, जास्तीची उष्णता दिसू लागली. मग उषाताईंनी ढवळणी चालू केली... आणि समोरचा आकडा उतरत उतरत जिथे असायला हवा तिथे येऊन थांबला. बंद केली, वर गेला. चालू केली, खाली. मग कळलं. जड पाण्यात काही दिवसांनी तारेवर एक पातळ थर बसायचा, बुडबुडे एकाच बाजूने उठायचे, त्या बाजूचं पाणी जास्त तापायचं आणि आमचा तापमापक नेमका त्याच बाजूला बुडवलेला. सूर्य वगैरे काही नव्हतं. एका कोपऱ्यातलं कोमट पाणी होतं.

“बंद कर जरा,” त्या म्हणाल्या. उठून बाहेर गेल्या. सलीमभाईंच्या नळावर त्यांनी तोंड धुतलं, बराच वेळ धुतलं. मी आतून नुसतं पाणी पडण्याचा आवाज ऐकत होते. इतक्या वर्षांची आस होती हो ती. त्यांनी ती कधी बोलून दाखवली नव्हती, म्हणून काय ती नव्हती? पदराने तोंड पुसत त्या आत आल्या, स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “परत लाव. एकदा दिसलं म्हणून सोडायचं नसतं.”

पुढचे काही आठवडे तेच परत परत केलं. खात्री झाली तेव्हा त्यांनी इस्त्रीची साडी नेसली आणि मला घेऊन पिंपरीतल्या त्या दैनिकाच्या कार्यालयात गेल्या. तोच वार्ताहर भेटला. आता जरा वरच्या खुर्चीवर होता. त्याने ओळखलं, खुर्च्या दिल्या, चहा मागवला. उषाताई म्हणाल्या, “माझं चुकलं होतं. कुठं चुकलं ते सापडलंय. ते छापा.”

तो अवघडला. “ताई, लोक विसरले आता. कशाला उकरून काढता?”

“तुम्ही पहिल्यांदा छापलं तेव्हा मी तुम्हाला बोलावलं नव्हतं. आज माझ्या पायाने आलेय.”

“पण ‘सूर्य नाही’ ही बातमी कशी होणार?”

“‘आहे’ ही झाली. ‘थोतांड’ हीपण झाली. दोन्ही वेळेला कुणी मोजलं नव्हतं. आता मोजलंय तर बातमी नाही?”

तो आत जाऊन वरिष्ठांशी बोलून आला. चेहरा उजळला होता. “ताई, जमतंय. ‘सूर्यवाल्या आजींची अखेर कबुली’ असं करू. फोटो आहेच आपल्याकडे.”

उषाताई उठल्या. आवाज चढवला नाही. “कबुली चोर देतो, बाळा. मी निष्कर्ष देतेय. तसा छापायचा असंल तर छाप, नसता राहू दे.” चहा तसाच राहिला. रस्त्यावर आलो तेव्हा मी त्या वार्ताहराला शिव्या घालत होते. त्या म्हणाल्या, “त्या पोराचा दोष नाही गं सगळा. त्याला कुणी मोजायला शिकवलंच नाही.” मग थोडं चालून गेल्यावर, “पण सांगायचं तर राहिलंच. सांगायला पाहिजे.”

आणि त्यांनी सांगितलं. पिंपळे गुरवमधल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात एका रविवारी त्यांनी व्याख्यान ठेवलं. विषय फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहिला, ‘माझं कुठे चुकलं’. आमच्या कंपनीतले काही जुने लोक आले, सलीमभाई अत्तर लावून आले, डॉ. सबनीस पहिल्या रांगेत बसले. ज्यांनी ज्यांनी बातमी केली होती त्या सगळ्यांना निमंत्रण दिलं होतं. त्यांच्यासाठी ठेवलेल्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. उषाताईंनी भांडं, ढवळणी, तार सगळं टेबलावर मांडलं आणि कुठलीही सारवासारव न करता पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सगळं सांगितलं. शेवटी एका आजोबांनी हात वर केला. “बाई, मग एवढी वर्षं वायाच गेली म्हणायची?”

“मी कंपनीत असताना कितीतरी लॉट नापास केले,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी लॅबचं काम वाया गेलं, असं मला कधी वाटलं नाही.”

डॉ. सबनीस उठून उभे राहिले. मला वाटलं, प्रश्न विचारणार. ते लोकांकडे वळून म्हणाले, “टीव्हीवर मी यांच्याबद्दल बोललो तेव्हा माझं म्हणणं बरोबर होतं, पण ते मी यांच्याइतकं कष्टाने मिळवलेलं नव्हतं.” टाळ्या थोड्याच होत्या, माणसंच थोडी होती. पण मागच्या दारापाशी उभं राहून कुणीतरी सगळे थांबल्यावरही वाजवत होतं. केतकी होती. ती पुढे आली, आईच्या हातातली ढवळणी घेतली, जपून फडक्यात गुंडाळली आणि म्हणाली, “चल, मी गाडी आणलीये.” दोघींमध्ये त्यावर पुढे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पण त्यानंतर शनिवारी गाळ्यावर आमच्यासाठी डबा यायचा तो केतकीच्या हातचा.

आता सगळ्यांना वाटलं की उषाताई थांबतील. मलाही वाटलं. त्या थांबल्या नाहीत. परदेशातून अधूनमधून नवा दावा यायचा, वेगळा धातू, वेगळी पद्धत. त्या तो वाचायच्या, पेन्सिलने खुणा करायच्या आणि म्हणायच्या, “आता आपल्याला नीट मोजता येतंय. मग न मोजता कामून हसायचं?” एकेक प्रयोग महिनोन्‌महिने चालायचा. प्रत्येक वेळी उत्तर एकच, जास्तीचं काही नाही. ते उत्तर त्या डॉ. सबनिसांना कळवायच्या, ते म्हणायचे “मला माहीत होतं,” त्या म्हणायच्या “मला आता माहीत झालं,” आणि दोघं फोनवर हसायचे. त्यांना अजून आशा होती का? मी एकदा विचारलं होतं. “असती तर बरं झालं असतं,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि कामाला लागल्या.

विज्ञानाच्या बातम्या लिहिणाऱ्यांनी शंका घेऊ नये, असं माझं म्हणणं नाही. उषाताईंचं तर नव्हतंच. त्यांच्याइतकी शंका त्यांच्या कामावर कुणीच घेतली नसेल. पण शंका घेणाऱ्याला रहाटणीच्या गल्लीत वाकून, पत्र्याच्या दारातून आत यावं लागतं, आणि दिवसभर स्टुलावर बसावं लागतं. एकटे सबनीस आले. या पुरवणीच्या संपादकांना मी हा लेख द्यायचं कबूल केलं तेव्हा एकच अट घातली, की त्यांच्या चुकीचा भाग जागेअभावी कापायचा नाही. त्यांनी ती मान्य केली. उषाताई, तुमचं कुठे चुकलं ते शेवटी छापलं गेलं. तुम्ही म्हणाला होतात त्याच शब्दांत.

त्या गेल्यानंतर दिवसकार्य उरकलं आणि केतकी व मी गाळा आवरायला गेलो. सलीमभाईंनी कुलूप उघडलं आणि बाजूला झाले. आत पंखा चालू होता, खिडकी उघडी होती... आणि टेबलावर भांडं चालू होतं. बारीक बुडबुडे सरळ वर जात होते. त्या गेल्या त्याच्या आधीच्याच आठवड्यात त्यांनी नवा प्रयोग लावला होता, आणि दिवसकार्याच्या गडबडीत आम्हा कुणालाच त्याची आठवण झाली नव्हती. सलीमभाई म्हणाले, “मी रोज पानी बघत होतो. ताईंनी सांगितल्यालं, कमी झालं की तिथल्या बाटलीतलं भरायचं. बंद कराया कुणी सांगितलं न्हाई, म्हणून न्हाई केलं.”

मी स्विचकडे हात नेला. केतकीने माझं मनगट धरलं.

“किती राहिलंय, मावशी?”

“असेल महिनाभर. पण केतकी, उत्तर शून्यच येणार आहे.”

“येऊ दे ना,” ती म्हणाली. तिने पर्स खुंटीला अडकवली, स्टूल ओढलं आणि चष्मा वर करून तापमापकाकडे वाकली. “कुठला आकडा आधी बघायचा, ते सांग.”